मरणाऱ्या उत्तमचा आवाज

सौंसरच्या बाजारात उभं राहून नुसतं 'उत्तम' म्हटलं तर लोक विचारतील, कोणता? 'मरणारा उत्तम' म्हणा, पानठेल्यावरचा माणूस ठेला सोडून तुम्हाला त्याच्या दारापर्यंत पोचवून येईल. उत्तम सोमकुवर. पडद्यावर इतक्या वेळा मेलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. भुतानं गळा दाबून मेला, विहिरीत पडून मेला, ट्रकखाली आला, सावत्र भावानं विष घातलं. एका भोजपुरी पिक्चरमध्ये तर पहिल्या शॉटलाच मेला आणि पुढचं अर्धं पिक्चर चादरीखाली पडून होता. चादरीखाली तोच होता, हे तो शपथेवर सांगतो. दुसऱ्याला झोपवू दिलं नाही म्हणे.

मी प्रभाकर. सौंसरात माझं बिछायत केंद्र आहे. गाद्या, सतरंज्या, खुर्च्या, शामियाना, भोंगे, माइक, जनरेटर, सगळं भाड्यानं मिळतं. लग्न असो, तेरवी असो, जामसांवलीच्या मारुतीला पायी जाणाऱ्या भक्तांसाठी रस्त्यावर लागणारा भंडारा असो, पहिला फोन मला येतो. माणूस मी तापट आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कामाला येणार आहे.

माझ्या गोदामाची मागची भिंत आणि उत्तमच्या घराची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. त्याची आई शकुंतलाबाई संत्र्याच्या बगिच्यात तोडणीला जायची. नवरा लवकर गेला. दोन लेकरं, उत्तम आणि धाकटी सुप्रिया. उत्तम शाळेतून यायचा तो पळतच यायचा. दारात आला की पायातल्या चपला भिंतीवर भिरकावायचा, फट, फट, आणि तिथूनच ओरडायचा, "माय, भूक लागून राहिली वं!" आतून उत्तर यायचं, "आली रे बापा, हात धू." रोज. मी गोदामात सतरंज्यांच्या घड्या घालत असायचो. ती हाक ऐकली की मला कळायचं, शाळा सुटली.

नटाचा किडा त्याला कुठं चावला कोण जाणे. आमच्या इथं कोणी नट झालेलं नव्हतं. माणूस जास्तीत जास्त नागपूरला जातो, दुकानात लागतो, नाहीतर फौजेची भरती देतो. उत्तम नागपूरला गेला आणि तिथल्या व्हिडिओ पिक्चरवाल्यांच्या मागं लागला. त्या काळी दोन दिवसांत पिक्चर निघायचं. कॅमेरा लग्नाचा, हिरो कॅमेरावाल्याचा भाऊ. उत्तमला पहिलं काम मिळालं ते विजेच्या खांबावरून पडून मरणाऱ्या लाइनमनचं. तो पडला, मेला, आणि म्हणतात की खालची माणसं कॅमेरा सोडून त्याला उचलायला धावली.

मला आधी ही गोष्ट थाप वाटायची. मग तो मुंबईला गेला. एकदा तिकडून आला होता, दुकानात चार जण बसले होते, कोणीतरी म्हणालं, "उत्तम भाऊ, मरून दाखवा नं." तो हसला, गाद्यांच्या थप्पीला टेकून बसला आणि आमच्याशी बोलता बोलता मेला. कसं सांगू? ओरडला नाही, छाती धरली नाही. बोलता बोलता एक शब्द अर्धा राहिला आणि डोळे उघडेच राहिले. आधी मान गेली. मग खांदा गेला. हात मात्र मागं राहिला, त्याची बोटं सतरंजीवर काहीतरी शोधत होती, आणि मग तीही थांबली. माझा हमाल राजू पाण्याला पळाला. मी त्याचं मनगट धरलं, आणि खोटं का बोलू, मला नाडी सापडेना. घाबरून नाडीची जागा चुकली असेल, पण सापडेना. तेवढ्यात मेलेला उत्तम म्हणाला, "हात सगळ्यात शेवटी मरते, भाऊ. हे कोनी पाहत नाई." मी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि चहा मागवला.

असा हा कलाकार. पण त्याला मरू दिलं, बोलू कोणी दिलं नाही.

त्याचं कारण आमची बोली. आम्ही राहतो मध्य प्रदेशात. दुकानांच्या पाट्या हिंदी, शाळा हिंदी, घरात मराठी, आणि ती मराठीही आमचीच. 'करतो आहे' असं आमच्यात कोणी म्हणत नाही. आम्ही करून राहतो, जाऊन राहतो, पाऊससुद्धा आमच्याकडं येऊन राहतो. मुंबईत उत्तमला एका मराठी मालिकेत पहिल्यांदा वाक्य मिळालं. पोलिसाला सांगायचं होतं, 'मी खरं बोलतो आहे साहेब.' कॅमेरा चालू झाला आणि हा म्हणाला, "मी खरं बोलून राहिलो साहेब." सगळं युनिट हसलं. डायरेक्टर म्हणाला, तू मध्य प्रदेशचा ना, मग मराठी बोलतोस कशाला? तेव्हापासून सेटवर त्याचं नाव 'राहिलो' पडलं. वाक्य काढून घेतलं. पुढं ज्या ज्या पिक्चरमध्ये त्याला तोंड उघडायला मिळालं, तिथं आवाज दुसऱ्याचा बसवला. तोंड उत्तमचं, आवाज कोण्या पुणेकराचा.

उत्तम जिद्दी. त्यानं जीभ घासली. खोलीत आरशासमोर उभा राहून कितीतरी वर्षं 'करतो आहे, जातो आहे' करत राहिला. शेवटी तो इतकं धुतलेलं बोलायला लागला की गावी आल्या आल्या, जीभ पुन्हा सैल व्हायच्या आत, माझी बायको नलिनी म्हणायची, "उत्तम आला का बातम्या लागल्या?" तरी त्याचा आवाज कोणी घेतला नाही. एकदा ज्याचा आवाज नाही असं ठरलं, त्याला विचारायची पद्धत नसते.

इकडं शकुंतलाबाईंचे डोळे गेले. काचबिंदू. एक डोळा गेला तेव्हा त्या कोणाला बोलल्या नाहीत, दुसरा जायला लागला तेव्हा नागपूरला नेलं. डॉक्टरनं हात टेकले. आता उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही.

ती संध्याकाळ मला आठवते. उत्तम गावी आला होता आणि त्याच दिवशी त्याची एक मालिका टीव्हीवर लागणार होती. सरपंचाचं काम, चांगलं दोन प्रसंगांचं. त्यांच्या घरात सारा मोहल्ला जमला. मीही गेलो, टीव्ही बारका म्हणून माझ्याकडचा मोठा लावून दिला. उत्तमची बायको करुणा, अंगणवाडीत काम करते, तिनं चिवडा केला होता. सरपंच आला. पोरं ओरडली, "आजी, आला! उत्तम काका आला!" शकुंतलाबाई पुढं सरकल्या. कान टीव्हीकडं लावला. सरपंच भारदस्त आवाजात बोलत होता. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठं आहे?"

"हाच तं बोलून राहिला, आजी."

"नाई," त्या म्हणाल्या. "माहा नाई हा."

उत्तम त्यांच्या शेजारीच बसला होता. त्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. बिचारी आई, लेक पडद्यावर असताना लेकाला हातानं चाचपत होती. मला ते पाहवलं नाही. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं उत्तम बोळात आला. म्हणाला, "भाऊ, दिसत होतं तोवर तिनं माहं मरन पाह्यलं. आता पाहूबी शकत नाई. मी एक पिक्चर काढतो. मी सोता, माह्या आवाजात. तिनं नुसतं ऐकून मनलं पायजे, हा माहा उत्तम."

"पिक्चर काढाले काय लागते, माहीत आहे का बे?" मी तापलो.

"गोदाम लागते तुमचं. अन् जनरेटर."

अशा रीतीनं मेलेला नट निर्माता झाला.

पिक्चरचं नाव त्यानं ठेवलं 'मी मेलो नाई'. गोष्ट साधी होती. सौंसरचा एक माणूस गुजरातेत कामाला जातो, तिकडं अपघात होतो, दुसऱ्याच कोणाच्या मढ्यावर याचं नाव लागतं. घरचे रडतात, पुढं जगायला लागतात. आणि एक दिवस हा दारात येऊन उभा राहतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पिक्चरमध्ये मेलेला माणूस स्वतःच्या पिक्चरमध्ये जिवंत परत येणार होता. दारात येऊन तो पहिलं वाक्य काय बोलतो, तर तेच, जे मी बोळाच्या अलीकडून इतकी वर्षं ऐकलं होतं. त्यानं मला ते वाचून दाखवलं तेव्हा माझा राग कुठल्या कुठं गेला.

त्याला काम करताना पाहणं ही चीजच वेगळी. तो सकाळी चहाची किटली घेऊन फिरायचा, दुपारी कॅमेऱ्यापुढं रडायचा, संध्याकाळी स्वतः पोस्टर चिकटवायचा. नट सगळे इथलेच. मोहगावचे दादाराव मेश्राम, कोतवाल म्हणून निवृत्त झालेले, ते सासरा झाले. करुणा नायिका झाली, कारण बाहेरची बाई परवडणार नव्हती. करुणा म्हणाली, नवऱ्याच्या मढ्यावर रडायचं काम मी घरात बसून टीव्हीपुढं शिकून ठेवलंच आहे. मोहगावच्या एका बगिच्यात काम चाललं, आणि एक गर्दीचा प्रसंग पांढुर्ण्याला जाम नदीत घेतला. पांढुर्ण्याची आणि सावरगावची माणसं बोलावली होती. आली, आणि न सांगता नदीच्या दोन काठांवर दोन बाजूंना जाऊन उभी राहिली. गोटमारीची सवय; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं याच नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. बाजारातली गर्दी दाखवायची होती, तर ही मंडळी एकमेकांकडं डोळे वटारून. उत्तम नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून हात जोडत होता, "बापहो, आज गोटे नाईत. आज बाजार आहे, बाजार!" तासभरानं मिसळली. मिसळली आणि मग निघेचनात, एकमेकांची नातीगोती निघाली.

शूटिंग संपलं आणि एक संकट आलं. जागेवर घेतलेला आवाज कामाचा निघाला नाही. बगिच्यात फवारणीचा पंप, रस्त्यावर नागपूरचे ट्रक. सगळ्यांना पुन्हा माइकपुढं बसून बोलावं लागणार होतं. त्यासाठी माझं गोदाम. लग्नाच्या गाद्या चारही बाजूंनी छतापर्यंत रचल्या, वर सतरंज्या टाकल्या. आत इतकी शांतता झाली की स्वतःच्या पोटातला आवाज ऐकू यायचा. यंत्राला बसली पांढुर्ण्याची प्रज्ञा. ऑटोवर भोंगा लावून ज्या जाहिराती फिरतात, साडी सेंटरच्या, निवडणुकीच्या, त्या ती आपल्या दुकानात रेकॉर्ड करते. हाताला एकदम साफ पोरगी. आठवडाभर सगळे येऊन बोलून गेले, उत्तमही बोलला. आम्ही पिक्चर लावून पाहिलं. मला सुरेख वाटलं. प्रज्ञाला सुरेख वाटलं. पुण्याचा रोहित म्हणून एक जण, मोबाइलवर पिक्चर दाखवणाऱ्या कंपनीसाठी पिक्चरं निवडतो, तो गाडी करून आला, पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे. सगळ्यांना समजेल. आम्ही घेतो." उत्तमला त्यानं मिठी मारली. बाजाराच्या मैदानात पिक्चर दाखवायची तारीख ठरली, पोस्टर लागले.

उत्तमला धीर धरवला नाही. मैदानाच्या आधी आईला ऐकवायचं म्हणून तो शकुंतलाबाईंना हाताला धरून गोदामात घेऊन आला. गादीवर बसवलं. मी होतो, प्रज्ञा होती. त्यानं नेमका तोच प्रसंग लावला. पडद्यावर मेलेला माणूस दारात येतो, थांबतो, आणि बोलतो.

"आई, मला भूक लागली आहे."

शकुंतलाबाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर पाहुण्यासमोरचं हसू आणलं. म्हणाल्या, "हा पाहुना कोन आला?"

मला कळेना. आवाज तर उत्तमचाच होता, मी खात्रीनं सांगतो. प्रज्ञानं पुन्हा लावलं. 'आई, मला भूक लागली आहे.' आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला मोठ्यानं शिवी घालावीशी वाटली, पण ती कोणाला घालणार?

कारण हे मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. मी जन्मभर माइक भाड्यानं देत आलोय. आमचा माणूस एरवी कसाही बोलो, माइक दिसला की त्याच्या जिभेला इस्त्री होते. "ए, जेवाले चला बे" म्हणणारा माझा राजू माइक हातात आला की म्हणतो, "सर्व पाहुण्यांना नम्र विनंती आहे की त्यांनी भोजनाचा लाभ घ्यावा." दादाराव तेच करतात, करुणा तेच करते, मीही करतो. लिहिलेलं होतं 'भूक लागून राहिली वं', शूटिंगला तो तसंच बोलला होता. गोदामात माइकपुढं बसला आणि मुंबईतली सारी घासलेली वर्षं आपोआप तोंडात आली. त्याला कळलं नाही. आम्हाला कोणाला कळलं नाही. साऱ्या पिक्चरमध्ये सौंसर-मोहगावची माणसं लग्नाची घोषणा केल्यासारखी बोलत होती, आणि आम्ही वाहवा करत बसलो होतो.

उत्तमचा चेहरा मी पाहिला. इतक्या मरणांत तो असा कधी दिसला नव्हता.

"माय," तो म्हणाला, "मीच होतो तो."

"आवाज तं तुहाच आहे, बापू," त्या हळूच म्हणाल्या. त्याला दुखवायचं नव्हतं त्यांना. "पन बोलून कोन राहिला, ते समजलं नाई मले."

त्याच दिवशी त्यानं रोहितला फोन लावला. सगळा आवाज पुन्हा करतो म्हणून सांगितलं. भोंग्यावर टाकला होता फोन, म्हणून मीही ऐकलं. रोहित सभ्य माणूस, नीट समजावत होता. आहे ते छान आहे, तिकडच्या बोलीत गेलात तर बाकीचे लोक पाहणार नाहीत, कंपनी घेणार नाही, तुमची इतक्या वर्षांची मेहनत आहे. उत्तम म्हणाला, "सर, हे असं बोलाले शिकलो, तेच तं मेहनत होती. आता ते इसरायची मेहनत करून राहिलो." मी त्याच्याकडं बघत राहिलो. रागावून नाही, अभिमान म्हणूनही नाही, उद्या सकाळी दळण आणायचंय अशा साधेपणानं तो बोलला. ज्या दारापुढं त्यानं अर्धं आयुष्य काढलं ते दार उघडलं होतं, आणि हा पठ्ठ्या आत न जाता वळला. मला स्वतःला जमलं नसतं. रोहितचा फोन पुन्हा आला नाही.

आता जिभेची इस्त्री मोडायची कशी? प्रज्ञानं माइक गादीआड लपवला. माणसं लपलेल्या माइकपुढंही शुद्ध बोलायला लागली. शेवटी उत्तमनं उपाय काढला, आणि तो उपाय मी होतो. तो म्हणाला, "भाऊ, आपला मानूस चिडला का शुद्ध राहते का? तुमी फक्त भांडा."

मग मी भांडलो. आयुष्यात माझ्या रागाला पहिल्यांदा कोणी काम दिलं. दादाराव येऊन बसले की मी म्हणायचो, "कोतवाल, तुमच्या पोराच्या लग्नात माह्या गाद्यांवर भाजी कोनं सांडवली?"

"भाजी? आमी? बोलून काय राहिले तुमी, परभाकर भाऊ! त्या गाद्या आल्याच तशा होत्या!"

"तुमच्याच वऱ्हाडानं सांडवली!"

"अहो, वऱ्हाड मोहगावचं होतं, तुमच्या सौंसरचं नव्हतं!"

तेवढ्यात प्रज्ञा बोट वर करायची आणि उत्तम कागद पुढं सरकवायचा. दादाराव त्याच तावात पिक्चरचं वाक्य ठोकायचे, आणि ते असं यायचं की माझ्या अंगावर काटा उभा राहायचा. करुणाला मी तिच्या हातच्या भाजीला नावं ठेवून चिडवलं. ती अजूनही पूर्ण बोलत नाही माझ्याशी. एकेक करून साऱ्यांच्या जिभा जागेवर आल्या.

राहिला एकटा उत्तम. त्याचं ते एक वाक्य. तो माझ्या रागाला हसायचा, चिडायचा नाही, आणि चिडून ते वाक्य येणारही नव्हतं. भूक काय भांडून सांगतात? त्यानं पुन्हा पुन्हा केलं. 'भूक लागून राहिली' असे शब्द बरोबर यायचे, पण ते आता नाटकातल्या खेडवळासारखे यायचे. त्याला स्वतःला ते ऐकू यायचं आणि तो डोकं धरून बसायचा. एवढा मोठा कलाकार, खोटं मरण खरं करून दाखवणारा, आणि स्वतःच्या आईला हाक मारता येईना. मैदानातला दिवस जवळ आला होता.

मग त्यानं एक केलं. शकुंतलाबाईंना करुणासोबत पांढुर्ण्याला सुप्रियाच्या सासरी पाठवलं, बोळापलीकडून त्यांच्या कानावर पडू नये म्हणून. मला म्हणाला, "भाऊ, तुमी बायर थांबा. शटर अर्धं ठेवा." मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, राजूला एका शामियान्याचं सामान मोजायला सांगत होतो. उत्तम बोळाकडच्या मागच्या दारानं आत गेला असावा. बराच वेळ काही नाही.

मग आतून आवाज आला, फट, फट. चपलांचा. आणि मग ती हाक.

मी सांगतो ते खरं माना नाहीतर सोडून द्या. त्या क्षणी माझ्या मनात पिक्चर नव्हतं, उत्तम नव्हता. माझ्या मनात आलं, शाळा सुटली. मी खरंच रस्त्याकडं वळून पाहिलं, पोरं येतात का म्हणून. केस पिकलेला माणूस मी, हातात शामियान्याची दोरी, आणि डोळ्यांतून पाणी. राजूनं विचारलं, "काय झालं, भाऊ?" मी त्याला उगाचच झापला.

आत गेलो तर प्रज्ञा यंत्रापुढं बसून होती, बोट अजून बटणावर. उत्तम अनवाणी, खांद्याला कुठली तरी जुनी पिशवी, आणि त्याच्या चपला माझ्या नव्या पांढऱ्या गादीवर पडलेल्या. गादीवर चिखलाचे दोन ठसे. मी त्यांबद्दल एक शब्द बोललो नाही. ती गादी मी कोणाला भाड्यानं देत नाही.

मैदानावर त्या संध्याकाळी सौंसर होतं, मोहगाव होतं, पांढुर्ण्याहून गाड्या भरून आल्या होत्या, आणि सावरगावची मंडळी पांढुर्ण्याच्या मंडळीपासून थोडं अंतर राखून बसली होती. अंधार पडता पडता मी पडदा ताणला. पुढं एक गादी आणि लोड टाकून शकुंतलाबाईंना बसवलं, एका बाजूला नलिनी, एका बाजूला सुप्रिया. उत्तम मागं, जनरेटरजवळ उभा. सकाळपासून त्यानं पोटात काही घातलं नव्हतं. करुणा डबा घेऊन फिरत होती आणि तो नको म्हणत होता.

पिक्चर सुरू झालं. लोक आधी हसले, आपल्याच तोंडचं पडद्यावरून ऐकायला आलं म्हणून. मग हसायचे थांबले. शकुंतलाबाई डोकं थोडं तिरकं करून ऐकत होत्या. "हे दादाराव होत नं?" म्हणाल्या. "अन् हे आपली करुणा. रडून राहिली बिचारी." एकेक माणूस त्या ओळखत गेल्या. उत्तम मेल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पडद्याकडं पाहतच नव्हतो, त्यांच्याकडं पाहत होतो.

आणि तो प्रसंग आला. पडद्यावर रिकामं दार.

फट. फट.

शकुंतलाबाईंचा हात मांडीवरून उचलला गेला.

"माय, भूक लागून राहिली वं!"

"आली रे बापा!" त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "हात धू, आली मी."

नलिनीनं त्यांना धरायला हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला. डोळ्यांना काही दिसत नसताना ती बाई पडद्याच्या दिशेनं दोन पावलं चालली. साऱ्या मैदानात एक माणूस हसला नाही. माझ्या शेजारी दादाराव उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मागून उत्तम धावत आला. माणसांच्या रांगांतून, सतरंज्यांवरून, कोणाच्या तरी पायाला अडखळून. त्यानं आईचे खांदे धरले. "माय, हे पिक्चर आहे वं. बस खाली."

तिनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग पोटावर ठेवला. जरा चाचपलं.

"जेवला नाई नं तू अजून?"

त्यानं मान हलवली, आणि ते तिला कसं कळलं मला ठाऊक नाही, पण कळलं.

"चाल मंग," ती म्हणाली.

त्यानं एकदा पडद्याकडं पाहिलं, जिथं तो स्वतः दारात उभा होता. मग आईचा हात धरला आणि माणसांच्या मधून वाट काढत निघाला. लोकांनी पाय आखडून त्यांना रस्ता दिला. करुणा डबा घेऊन मागं पळाली, तर शकुंतलाबाई म्हणाल्या, "ठेव तो, गरम करून देतो मी." पिक्चर अजून अर्धं बाकी होतं. निर्मात्यानं ते त्या दिवशी पाहिलंच नाही, घरी जाऊन जेवला.